‘शेवटी सगळं पिक्सेलच ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फोटोशॉपमध्ये पेन टूलने, म्हणजे बिंदू ठेवून त्यांच्यामधून वक्र काढणाऱ्या साधनाने, आकार काढण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही नुसतं ‘पटलं नाही’ म्हणून न थांबता कारणंही दिलीत. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लोगोसारखं व्हेक्टर (पिक्सेलांऐवजी बिंदू आणि वक्रांत साठवलेलं चित्र) काढायचं तर त्यासाठीचे इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप हे प्रोग्राम आहेतच, फोटोशॉपमध्ये शेवटी सगळ्याचे पिक्सेलच होतात, सिलेक्शन (चित्रातला हवा तो भाग निवडणं) तर आता प्रोग्राम स्वतःच करतो, मग पेन टूलशी झटापट हा द्राविडी प्राणायाम कशाला, या वक्रांना ज्यांचं नाव आहे ते बेझिए वगैरे नावं टाकून मी उगाच भाव खाल्ला, आणि एवढं करून तुमची १ पिक्सेलची रेघ धुरकटच आली.

रेघेपासून सुरुवात करतो, कारण तक्रार खरी आहे. पाथला, म्हणजे पेन टूलने काढलेल्या बाह्यरेषेला, स्वतःला जाडी नसते. तो दोन पिक्सेलांच्या बरोबर मधल्या सीमेवर बसला आणि स्ट्रोक, म्हणजे पाथवर दिलेली दिसणारी रेघ, मध्यावर ठेवलेला असला, तर १ पिक्सेलची जाडी अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडते. अर्धा पिक्सेल काळा करता येत नाही. मग प्रोग्राम दोन्ही पिक्सेल करडे करतो आणि काळ्या बारीक रेघेऐवजी दुप्पट रुंदीची मळकट पट्टी दिसते. झूम करून बघा, दोन करड्या रांगा स्पष्ट दिसतील. चौकोनासारखा बंद आकार असेल तर स्ट्रोक मध्यावरून काढून आतल्या बाजूला घ्या, आणि व्हेक्टर टूल्स पिक्सेल ग्रिडला चिकटवण्याचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये चालू ठेवा. आडव्या-उभ्या रेघा लगेच स्वच्छ होतात. तिरक्या रेघेच्या कडा थोड्या मऊ राहणारच, त्या तशाच हव्यात. नाहीतर पायऱ्या दिसतात.

आता ‘शेवटी सगळं पिक्सेलच’. प्रश्न त्या ‘शेवटी’चाच आहे. तुम्ही गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रामवर शिकलात असं लिहिलंय, तिथून हा समज आला असावा. गिंपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पाथवर स्ट्रोक मारला की रेघ त्याच क्षणी लेयरवर पिक्सेल होऊन बसते; नंतर पाथ हलवला तरी रेघ जागची हलत नाही. फोटोशॉपचा शेप लेयर तसा नाही. तो बिंदू आणि हँडलं (बिंदूपासून निघून वक्राला वळण देणारे दांडे) लक्षात ठेवतो आणि पिक्सेल दर वेळी नव्याने भरतो. खात्री करायची तर एक तारा काढा, त्याची प्रत करा, प्रत रास्टराइझ करा, म्हणजे तिचे पिक्सेल करून टाका. दोन्ही १० टक्क्यांवर आणून एंटर दाबा, मग दोन्ही १००० टक्के करा. पहिला तारा होता तसा परत येईल, दुसऱ्याचा लगदा झालेला असेल. ‘जरा लहान करा’ आणि दोन दिवसांनी ‘आधीचाच बरा होता’ हे ज्याने ऐकलंय, त्याला हा फरक वेगळा समजावावा लागत नाही.

शिवाय ‘सगळं’ही खरं नाही. जेपीजी किंवा पीएनजी केलंत तर पिक्सेल होतात, मान्य. पण फोटोशॉपमधूनच पीडीएफ केलीत तर शेप आणि अक्षरं व्हेक्टर म्हणून टिकू शकतात. छपाईत ते दिसून येतं.

लोगोबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूला आहे. जिथे आकार हीच अंतिम वस्तू आहे, तिथे फोटोशॉप उघडूच नये. पण फोटोवर बसणारा बॅज, चित्राला कापणारा वक्र मुखवटा (मास्क), सावली आणि पोत घेऊन येणारं बटण, यांसाठी दोन प्रोग्राममध्ये येरझारा घालणं हाच मला खरा द्राविडी प्राणायाम वाटतो.

बेझिएबद्दल. नावापुरतंच म्हणाल तर पहिला मान सिट्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो यांचा. त्यांनी १९५९ मध्येच ही पद्धत बसवली होती, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनोच्या पिएर बेझिए यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं आणि नाव त्यांचं चिकटलं. दोघेही मोटारींच्या पत्र्याचे वक्र नेमके कसे सांगायचे, या अडचणीतून तिथे पोचले. पण हे मी शोभेसाठी घातलं नव्हतं. नवशिक्याची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते: वक्र जिथे न्यायचा तिथे तो हँडलचं टोक नेऊन ठेवतो, आणि वक्र तिथे पोचतच नाही. एका आडव्या रेषेवर दोन बिंदू घ्या आणि दोघांची हँडलं सरळ १०० पिक्सेल वर ओढा. कमान ७५ वरच थांबेल. दर वेळी, बरोबर तीन चतुर्थांश. म्हणजे ६० पिक्सेल उंच कमान हवी असेल तर हँडल ८०चं लागतं. एवढं कळलं की पेन टूल अंदाजपंचे राहत नाही. वर्तुळाचंही तसंच: चार बिंदू आणि त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के लांबीची हँडलं. गणिती अर्थाने ते अस्सल वर्तुळ नव्हेच, पण १००० पिक्सेल त्रिज्येलासुद्धा चूक पाव पिक्सेलच्या आसपास राहते. कोणाच्या डोळ्याला दिसणार?

‘आता सिलेक्शन प्रोग्राम स्वतः करतो’ हेही बरोबर. केस, झाडं, धुरकट कडा यांसाठी मीही तेच वापरतो. पण बाटलीची किंवा चाकाची कड त्याच्याकडून घ्या आणि तिचा पाथ करा: बिंदूंची नुसती गर्दी, आणि त्यातला एक हलवला की कडेला पोचा पडतो. हाताने काढताना वक्र जिथे सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जातो तिथेच बिंदू ठेवा आणि हँडलं आडवी-उभी ठेवा. शिफ्ट दाबून ओढलंत की ती आपोआप सरळ राहतात.

तुमची ती फाइल अजून असेल तर आधी स्ट्रोकची बाजू तपासा. शेप लेयर रास्टराइझ झालेला नसेल, तर आकार पुन्हा काढायची गरज नाही.