गोलगोल बोलायचा पॅरामीटर

एआय एजंटला, म्हणजे आपली फंक्शन्स स्वतः वापरून काम करणाऱ्या मॉडेलला, टूल द्यायचं म्हणजे फार काही नसतं, आपल्या फंक्शनचं नाव, त्याला लागणारे पॅरामीटर (म्हणजे त्याला पुरवायची माहिती) आणि हे कशाला वापरायचं याची चार वाक्यं. मॉडेलला दिसतं ते एवढंच, आतला कोड त्याला दिसत नाही. ही चार वाक्यं लिहायचं काम माझ्याकडे आलं कारण मॅनेजरच्या मते माझं मराठी बरं आहे. लिहायचं इंग्रजीत होतं, पण ते असो.

क्लायंट मंगल कार्यालयवाला. लोक व्हॉट्सॲपवर तारीख विचारणार, एजंट बघून सांगणार. टूल्स तीन, चेक_बुकिंग, हँडल_बुकिंग, प्रोसेस_बुकिंग, आणि डिस्क्रिप्शन अनुक्रमे 'चेक्स बुकिंग', 'हँडल्स बुकिंग', 'प्रोसेसेस बुकिंग'. सिनियरला म्हटलं, अरे हँडल आणि प्रोसेसमध्ये फरक काय? म्हणे कोडमध्ये आहे की. म्हटलं मॉडेल कोड वाचत नाही रे. म्हणे मग तू वाच.

वाचला. हँडल म्हणजे तारीख दोन दिवस तात्पुरती धरून ठेवणं, प्रोसेस म्हणजे ॲडव्हान्स घेऊन पक्की करणं, आणि चेक... तर चेकसुद्धा तारीख मोकळी दिसली की गुपचूप धरून ठेवत होतं, कारण आधीच्या कोणीतरी तसं सांगितलेलं. म्हणजे एखाद्या काकूंनी नुसत्या चौकशीला म्हणून पाच-सहा तारखा विचारल्या की मे महिन्यातले सगळे रविवार काकूंच्या नावावर. आणि काकूंच्या मुलाला अजून मुलगीसुद्धा पसंत पडलेली नाही!

तारखेचा पॅरामीटर नुसता 'डेट', टाइप स्ट्रिंग, म्हणजे कसाही लिहिलेला मजकूर चालतो. आता 05/12 म्हणजे पाच डिसेंबर का बारा मे? बरं दोन्ही लग्नसराईतले, त्यामुळे एररपण येत नाही, सरळ बुकिंग होतं. म्हणून लिहिलं की आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, 2026-12-05 असंच द्यायचं, आणि गिऱ्हाईकाने वर्ष सांगितलं नसेल तर मनाने धरू नको, विचार. दुसरा पॅरामीटर 'स्लॉट', नंबर. 1 सकाळ, 2 संध्याकाळ, 3 पूर्ण दिवस. मग 4 काय? सिनियर म्हणाला, 4 ला हात लावू नको. का? तर उत्तर नाही, नुसता चहा प्यायला गेला. मी सरळ नंबर काढून शब्दच ठेवले, सकाळ, संध्याकाळ, पूर्ण दिवस, या तिन्हीशिवाय काही चालणारच नाही असं. 4 चं गूढ तसंच आहे.

एरर मेसेजची तर वेगळीच तऱ्हा. 'समथिंग वेंट राँग.' यावर बिचारा एजंट काय करणार, तोच कॉल परत, तोच कॉल परत. त्याऐवजी 'ही तारीख होऊन गेली, आजच्या पुढची विचार' एवढं दिलं की तो शहाण्यासारखा गिऱ्हाईकाला विचारतो. आपल्या घरात 'ते जरा त्याच्यात ठेव' एवढ्यावर संसार निघतात, इथे ते कुठलं आणि कशात हे दोन्ही लिहावं लागतं, आणि कशात ठेवू नको हेपण.

मग मॅनेजर आला, म्हणे एवढं लांब कशाला, टोकन (मॉडेलला दिलेला मजकूर ज्या तुकड्यांत मोजतात ते) लागतात. लागतात हे खरंय, सगळ्या टूल्सची डिस्क्रिप्शन्स दर रिक्वेस्टबरोबर जातात. पण याच माणसाने, नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत) आणल्यावर कुठूनतरी उत्साह आणून, आमची अख्खी एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरची बाहेरून वापरता येणारी सगळी फंक्शन्स, जशीच्या तशी टूल्स म्हणून जोडायला लावलेली, त्यात कार्यालयातल्या जनरेटरच्या डिझेलची नोंदसुद्धा होती. नवरीकडच्यांना डिझेल कशाला? मी ती सगळी उडवली, वाचलेल्या टोकनांत माझी वाक्यं आरामात बसली.

एजंट आता झकास चालतो. 'तारीख मोकळी आहे, दोन दिवस धरून ठेवू शकतो, ॲडव्हान्स आल्याशिवाय पक्की नाही,' असं स्वच्छ सांगतो. डेमो बघून क्लायंट नाराज! म्हणे, हो साहेब, पण एवढं स्पष्ट कोण बोलतं, मोठी पार्टी आली तर मला तारीख फिरवायला जागा नको का, आमचा गणपतराव बघा, 'बघतो, होऊन जाईल' म्हणतो आणि फोन ठेवतो. याला थोडं गोलगोल बोलायला शिकवा.

सध्या ते टूल लिहितोय. गोलगोलपणा हो-नाही ठेवायचा का पार्टी बघून कमी-जास्त, यावर सिनियरचं आणि माझं अजून जमत नाहीये. तो म्हणतो, स्लॉट 4 मोकळा आहे, त्यात टाक.