पायरीवर ओतलेलं फिनेल

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं, पण लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

मे २०२०, कोरोनाचा लॉकडाऊन चालू. साडेदहाला आमच्या आळीत आशावहिनी, म्हणजे घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या गावच्या आशा सेविका, सर्व्हेला आल्या. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव एवढंसं, गावातल्यांना कळेलच. हातात नेहमीचं लांबडं रजिस्टर, तोंडाला रुमाल, डोक्यावर पदर. शेजारच्या घरापुढं उभं राहून त्यांनी विचारलं, "कुणाला ताप, खोकला? मुंबईस्नं कोण आलंय का?" आतून उत्तर आलं, "तू रोज त्या शाळेत ठेवलेल्या मुंबईवाल्यांच्यात जातीस आणि तशीच आमच्या दारात येतीस. उद्यापासनं लांबनंच विचारायचं."

अहो, त्या लांबच होत्या. पायरीच्याही खाली, उन्हात.

"बरं," म्हणाल्या, रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घराकडं वळल्या. चार पावलं गेल्या नसतील, तोवर तो गृहस्थ बादली घेऊन बाहेर आला आणि पायरीवर फिनेल ओतून खराट्यानं खसाखसा घासायला लागला. आवाज ऐकून वहिनींनी मागं वळून बघितलं. त्यांनी बघितलेलं मी बघितलं. आणि मी माझ्या दारात तसाच उभा राहिलो, तोंडातून शब्द फुटला नाही. त्या माणसाच्या रागापेक्षा या गोष्टीचा राग मला जास्त येतोय.

याच पायरीवर ५ एप्रिलला रात्री ९ वाजता ९ मिनिटं पणत्या लावल्या होत्या. फोटो मीच काढून दिला होता. २२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता आळीत सगळ्यात जोरात ताट त्याच घरात वाजलं. मीही वाजवलं. त्यात वाईट काही नव्हतं, बरं वाटलं होतं त्या दिवशी. पण कुणासाठी वाजवलं आपण? टीव्हीवरच्या डॉक्टरांसाठी? रोज दारात येणारी बाई त्यात धरली नव्हती का आपण?

आता तात्यांच्या इन्सुलिनचं सांगतो. घरातल्यांना माहीत आहे, बाहेर कधी बोललो नाही.

तात्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं, गेली अकरा वर्षं. १४ एप्रिलला लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याचं टीव्हीवर सांगितलं, तेव्हा फ्रिजमधली शेवटची बाटली तळाला गेली होती. जवळच्या मेडिकलमध्ये संपलेलं. गाडी काढून कोरेगावला निघालो तर नाक्यावरनं परत पाठवलं. पास नव्हता, चिठ्ठी घरी विसरलेलो, चूक माझीच. पण घरी येऊन तात्यांच्या तोंडाकडं बघवेना. ते म्हणाले, "दोन दिवस अर्धं अर्धं घेतो, काय होतंय." काय होतंय ते आम्हाला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी साखर ५०० च्या वर गेली होती, तेव्हा सातारला नेईस्तोवर माझी शुद्ध हरपायची वेळ आली होती.

संध्याकाळी वहिनी सर्व्हेला आल्या, तेव्हा आईनं सहज म्हणून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "रिकामी बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्या माझ्याकडं, उद्या मला तिकडं जायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला स्कूटीचा आवाज आला. वहिनींनी पिशवीतनं जेवणाचा स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं तर आत दोन पेप्सीच्या कांड्या, पोरं उन्हाळ्यात चोखतात त्या, बर्फाच्या. त्यांच्यामध्ये नॅपकिनच्या दोन घड्या आणि त्या घड्यांत इन्सुलिनच्या दोन बाटल्या. म्हणाल्या, "उन्हानं खराब होतंय आणि बर्फाला चिकटलं तर गोठून बी खराब होतंय, म्हणून फडकं घातलंय." कांड्या त्यांनी सकाळी स्वतःच्या घरच्या फ्रिजमधनं नेल्या होत्या, पोराच्या वाटणीच्या. एक वितळून नुसतं लाल पाणी झालेलं, दुसरीत अजून बर्फ होता. येता-जाता तीसेक किलोमीटर, एप्रिलचं ऊन, दोन ठिकाणी चौकशी. पेट्रोलचे पैसे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "माझं काम होतंच की तिकडं." काम होतं का नव्हतं, देव जाणे.

त्यांच्या पायात रबरी चप्पल होती. उजव्या चपलेचा अंगठ्याजवळचा पट्टा सुटलेला आणि तिथं सेफ्टी पिन लावलेली. चपलांची दुकानं बंद, करणार काय. आज सकाळीही तीच चप्पल होती आणि तीच पिन. ती चप्पल उभी होती म्हणून पायरी धुतली गेली.

भीती खरी आहे, मान्य करतो. मलाही वाटते. माझा चुलतभाऊ नवी मुंबईत घणसोलीला, माथाडी कामगार. त्याचा फोन उचलेपर्यंत जीव टांगणीला असतो. गेल्या पंधरवड्यात गावात मुंबईहून तीस-पस्तीस माणसं आली, शाळेच्या खोल्यांत आहेत, हातावर क्वारंटाइनचा शिक्का मारलेली. शेतातलं आलं काढून बांधावर ठेवलंय, व्यापारी फोन उचलत नाही. दुधाचा दर पडला. पोरीचा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला, मग रद्दच झाला, आणि पोरगी रोज विचारते की मार्क कसे देणार. गावची यात्रा झाली नाही, एका लग्नाची तारीख दोनदा बदलली, म्हाताऱ्यांना पारावर बसता येईना. रात्री झोपताना मनात हिशोब चालतो, गव्हाचं पोतं किती दिवस पुरेल, गॅस कधी संपेल. कुणाला नाही ही काळजी? त्या शेजाऱ्याच्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे, हेही मला कळतं.

पण त्या बाळाच्या लसीची तारीख कुणाच्या रजिस्टरात लिहिलीय? त्याच्या आईला बाळंतपणाला रात्री अडीच वाजता गाडीत घालून कोण घेऊन गेलं? दवाखान्यात सकाळपर्यंत बाकड्यावर कोण बसून राहिलं? अहो, सहाच महिने झालेत! सहा महिन्यांत माणूस एवढं विसरतो?

आमचा जिल्हा सावित्रीबाईंचा. नायगाव इथनं लांब नाही. दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या शाळेत पोरी डोक्यावर पदर घेऊन भाषणं करतात आणि आपण कौतुकानं व्हिडिओ काढतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, तेव्हा मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घेऊन ती माउली डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात गेली. त्याच प्लेगनं १० मार्चला तिचा जीव घेतला. साथरोगाचा कायदाही त्याच वर्षीचा, १८९७ चा. त्याच कायद्यात गेल्या महिन्यात, २२ एप्रिलला, वटहुकूम काढून घालावं लागलं की आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उचलला तर ५ वर्षांपर्यंत आणि गंभीर इजा केली तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. १२३ वर्षांनी हे कायद्यानं सांगावं लागतं आपल्याला. आणि फिनेल ओतणाऱ्याला तर कुठलं कलमही लागत नाही.

एक सांगायचं टाळत होतो, पण दुसऱ्याच्या पायरीवर लिहितोय तर आपल्या घरातलंही लिहिलं पाहिजे.

इन्सुलिन आणलं त्या दिवशी आईनं वहिनींना चहा दिला. चहा दिला, पण तो कानतुटका कप माळ्यावरनं काढून. त्या पिऊन गेल्या, आईनं कप धुतला आणि मागच्या मोरीजवळच्या खिडकीत वेगळा ठेवला. तेव्हापासून तो तिथंच आहे. मी रोज बघतो. आई वाईट नाही. आईनं आयुष्यभर दारात आलेल्याला उपाशी पाठवलं नाही. ती तात्यांसाठी घाबरलीय. मी मनाला हेच समजावत आलो. पण वेगळा कप म्हणजे काय, आपल्याकडं तो कुणासाठी ठेवायचे आणि कुठं ठेवायचे, हे मला कुणी शिकवायला नको. आज दुपारी मी तो कप उचलून आतल्या फळीवर बाकीच्या कपांत ठेवला. आई बघत होती. काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मघाशी त्या शेजाऱ्याचं नाव लिहून टाकणार होतो. नाही लिहीत. उद्या सकाळी जाऊन समोरासमोर बोलेन, ते जास्त बरं. इस्लामपुरात एकाच कुटुंबातली वीसच्या वर माणसं पॉझिटिव्ह निघाली, तेव्हा आपण इथं बसून म्हणत होतो की आता संपलं सगळं. ती माणसं मिरजेच्या सरकारी दवाखान्यातनं बरी होऊन घरी आली. त्यांच्याजवळ कोण गेलं असेल? औषध कुणी दिलं, ताट कुणी नेलं, वॉर्डातला संडास कुणी धुतला? त्या मावश्या, ते मामा, त्या सिस्टर संध्याकाळी घरी गेल्या असतील, तेव्हा त्यांच्याही आळीत कुणी बादली घेऊन उभं होतं का? हा विचार मघापासून डोक्यातनं जात नाही.

आणि पैशाचंही बोलू, कारण "त्यांना पगार मिळतो की" असं आजच एकजण मला म्हणाला. पगार नाही मिळत! आशा ही सरकारच्या लेखी स्वयंसेविका. २००५ ला योजना आली तेव्हापासून तसंच. कामागणिक मोबदला. कोरोनाच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला १००० रुपये. दिवसाचे ३३ झाले. आपल्या गावातला कोण माणूस ३३ रुपयांत शाळेतल्या त्या खोल्यांच्या दारात दोन वेळा जाऊन उभा राहील? मी नाही राहणार, सरळ सांगतो. ५० लाखांचा विमा काढलाय, ती गोष्ट चांगलीच आहे, पण तो मेल्यावर मिळणार. जिवंतपणी चप्पल कुणी द्यायची? ३ मेला हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरनं फुलं टाकली ते टीव्हीवर बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. आमच्या उपकेंद्रावर फुलं नको आहेत. तिथं धड मास्क नाहीत. वहिनी कापडी मास्क रात्री धुऊन सकाळी तोच लावतात. पाऊस सुरू झाला की तो वाळणारही नाही.

तात्या मघाशी म्हणाले, "बाटल्या संपत आल्या की परत तिलाच सांगावं लागंल." एवढंच म्हणाले आणि गप बसले. फ्रिजच्या दारात एक बाटली राहिलीय. ती आणणाऱ्या बाईला आज आपल्या डोळ्यांदेखत काय ऐकावं लागलं, हे त्यांना खिडकीतनं दिसलं होतं.

मित्रांनो, ज्यांच्या ज्यांच्या गावात आशा आहेत, आणि त्या सगळ्यांच्याच गावात आहेत, त्यांनी उद्या त्या दारात आल्या की पाण्याचा तांब्या आणि बसायला सावली द्यावी. लांबून द्या, अंतर ठेवून द्या, पण द्या. आणि सातारा-कोरेगावच्या ज्या मित्रांकडे चांगले मास्क, सॅनिटायझर असेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा, मी पास काढलाय, येऊन घेऊन जाईन. आमच्या उपकेंद्राखाली चार आशा आहेत, चौघींना पुरेल एवढं बघतोय.

चपलांचं दुकान असलेला कुणी ओळखीचा असेल तर त्यालाही शटर अर्धं उघडायला सांगा. पावसाळी, मागं पट्टा असलेली पाहिजे. नंबर सहा. आईनं संध्याकाळी त्यांच्या घरी फोन करून विचारून घेतलाय.