तीनशे किलोमीटरचा दिवस

गाडी भाड्याने ठरवताना ‘किलोमीटरला काय रेट?’ असं आधी विचारणारा माणूस नवखा समजावा. ट्रॅव्हल्सवाल्याला ते पहिल्या वाक्यात कळतं आणि त्याचा आवाज एकदम प्रेमळ होतो. “एर्टिगा ना? चौदा रुपये, साहेब. तुमच्यासाठी म्हणून.” आपण लगेच मनात गणित मांडतो. पुणे ते मालवण पावणेचारशे-चारशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठशे धरा. तिथलं फिरणं दोनशे. हजार किलोमीटर, चौदा हजार रुपये. सात माणसांना काय वाईट आहे? आपण ‘ठीक आहे’ म्हणायला तोंड उघडतो, तेवढ्यात पलीकडून राहिलेलं वाक्य एका दमात येतं : “अ‍ॅव्हरेज तीनशेचं, ड्रायव्हर भत्ता पाचशे, टोल-पार्किंग एक्स्ट्रा, गॅरेज टू गॅरेज.”

सगळा धंदा या वाक्यात आहे. आधीचे चौदा रुपये ही नुसती प्रस्तावना.

अ‍ॅव्हरेज तीनशेचं म्हणजे गाडी फिरो न फिरो, दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे मोजायचे. समजा, पाच दिवसांची सहल आहे. तारकर्लीला पोहोचल्यावर गाडी माडाखाली उभी राहते, आपण पाण्यात असतो, ड्रायव्हर सीट मागे पाडून घोरत असतो. पण हिशेबाच्या वहीत तीच गाडी रोज सकाळी मालवणहून निघून संध्याकाळपर्यंत जवळजवळ साताऱ्याला पोहोचत असते. पाच दिवसांचे १५०० किलोमीटर, १४ च्या दराने २१,००० रुपये, वर भत्त्याचे २,५००. झाले साडेतेवीस हजार. टोल अजून निघालाच नाही. खऱ्या हजार किलोमीटरवर हे वाटलं तर चौदाचा दर साडेतेवीसवर जातो. मालकाच्या बाजूनेही विचार करायला हवा म्हणा. गाडी माडाखाली उभी आहे म्हणून बँक हप्ता थांबवत नाही. पण एवढा समंजसपणा कोटेशन वाचताना कुणाच्या अंगी येतो?

आमच्या घरात हे गणित बाबांनी सोडवलं. बाबा लेखापरीक्षणातून निवृत्त झालेत आणि निवृत्तीनंतर त्यांच्या तावडीत इतका रसाळ कागद पहिल्यांदाच सापडला होता. दुसऱ्या एकाचा रेट होता १६ रुपये, पण अ‍ॅव्हरेज अडीचशेचं. आम्ही सगळ्यांनी तो ‘महाग आहे’ म्हणून बाजूला टाकला होता. बाबांनी चष्मा चढवला, पेन्सिल घेतली, १२५० गुणिले १६ केलं आणि जाहीर केलं, “वीस हजार. हा सोळावाला तुमच्या चौदावाल्यापेक्षा हजाराने स्वस्त आहे. किलोमीटर कसले मोजता? दिवस मोजा!” एका जागी जाऊन पडून राहायचं असेल, तर कमी अ‍ॅव्हरेजवाला बघावा. रोज गाडी दामटायची असेल, अष्टविनायक-बिष्टविनायक, तर कमी रेटवाला. ही किल्ली हाती आल्यापासून बाबा फोनवर नमस्काराच्याही आधी “अ‍ॅव्हरेज काय?” असं विचारू लागले.

पण अडीचशेवाल्याकडे फक्त एर्टिगा होत्या, आणि तिथे आमचं घोडं अडलं. एर्टिगाला सेव्हन सीटर म्हणतात. आम्ही सात : आई, बाबा, ताई, मी, बायको आणि दोन मुलं. ताई म्हणाली, “बसतं की!” तिला सांगावं लागलं की त्या सातांत ड्रायव्हर धरलेला असतो. “सिक्स प्लस वन, मॅडम,” असं ट्रॅव्हल्सवाल्यानेही समजावलं.

“मग धाकटा मांडीवर बसेल,” आई म्हणाली.

धाकटा आठवीत आहे. तो उभा राहिला की आईला मान वर करून बोलावं लागतं.

शिवाय सामान. एर्टिगाची तिसरी रांग उघडली की डिक्कीत जेमतेम दोन बॅगा राहतात, आणि गाडी सीएनजीची असेल तर त्या जागेवर टाकीने आधीच बस्तान मांडलेलं असतं. “वर कॅरिअर आहे ना,” असं उत्तर मिळतं. कॅरिअरवर बॅगा चढवायच्या, वर ताडपत्री, वर दोरी, आणि मग कऱ्हाडला चहाला थांबल्यावर आईला नेमकी आठवण होणार की बीपीची गोळी निळ्या बॅगेत राहिली. सीएनजीचा आणखी एक फायदा असा की, हायवेवरच्या पंपावर तासभर रांगेत उभं राहायला मिळतं आणि गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असल्यामुळे पायही मोकळे होतात. दर कमी असण्यामागे बहुतेक वेळा हीच टाकी असते. कोटेशनमध्ये तिचा उल्लेख नसतो, तेव्हा ‘गाडी सीएनजीची आहे का?’ हे आपणच विचारायचं.

मधल्या काळात बातमी फुटली होती. आपण गाडी शोधतोय हे कळल्यावर महाराष्ट्रात एकही माणूस असा सापडत नाही, ज्याच्या ओळखीत गाडीवाला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, दूधवाला, बायकोच्या ऑफिसातली मैत्रीण, सगळ्यांकडे ‘आपलाच माणूस’ होता. त्यातल्या एका आपल्याच माणसाचा रेट फारच आपुलकीचा निघाला. मोठी गाडी, अकरा रुपये, अ‍ॅव्हरेजची भानगडच नाही. तो गाडी दाखवायला घरी आला. गाडी चकचकीत होती आणि तिला पांढरी पाटी होती.

“पिवळी पाटी नाही?” बाबांनी गॅलरीतूनच विचारलं.

“घरचीच गाडी आहे, काका. काळजी करू नका. रस्त्यात कोणी अडवलंच तर सांगायचं, मी तुमचा भाचा.”

आईला यात काही वावगं वाटलं नाही. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि भाचा म्हणजे कोणत्या बाजूचा, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, याची चौकशी सुरू केली. दहा मिनिटांत ती त्याच्या आईच्या माहेरापर्यंत पोहोचली होती. पण बाबा बधले नाहीत. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदेशीर, आणि रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार. “पोलिसांना भाचा सांगशील. विमा कंपनीला काय सांगशील?” असं त्यांनी विचारल्यावर भाचा चहा पिऊन निघून गेला. “चांगला होता रे मुलगा,” आई पुढे बरेच दिवस म्हणत होती.

मग बायकोने सेल्फ-ड्राइव्हचा विषय काढला. काळी पाटी, पिवळी अक्षरं, ड्रायव्हर नाही, म्हणजे भत्ता नाही आणि सातही सीट आपल्या. कागदावर हे सुंदर होतं. मी अटी उघडल्या. डिपॉझिट आधी भरायचं. डिझेल आपलं. ज्या काट्यावर गाडी घ्याल त्याच काट्यावर परत द्यायची. किलोमीटरला इथेही मर्यादा, पुढे जादा दर. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवायचा, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचे ओरखडे आपल्या नावावर. हे सगळं मान्य होतं. पण ताई म्हणाली, “फोंडा घाट कोण चालवणार?” आणि सगळे माझ्याकडे बघायचं सोडून खिडकीबाहेर बघू लागले. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल आमच्या घरात इतकं एकमत असेल, याची मला कल्पना नव्हती. विषय मिटला.

बाबांनी एसटीही सुचवून पाहिली. महामंडळ प्रासंगिक करारावर अख्खी बस देतं, हे त्यांना पक्कं ठाऊक, कारण माझ्या काकांचं वऱ्हाड तशाच बसने गेलं होतं. “सात माणसांना चाळीस-पंचेचाळीस सीटची बस?” असं म्हटल्यावर ते म्हणाले, “ऐसपैस तरी बसाल.” मुलांना कल्पना भयंकर आवडली. त्यांची समजूत काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

अखेर घासाघीस एका इनोव्हावर येऊन ठेपली. सात अधिक एक, डिझेल, अ‍ॅव्हरेज मात्र तीनशेचंच. रेट वीस. मी अठरा म्हटलं. त्याने डिझेलचे भाव काढले. मी पुढच्या वेळीही तुमच्याकडेच येऊ म्हटलं. या वाक्यावर आजवर कोणत्याही ट्रॅव्हल्सवाल्याने विश्वास ठेवलेला नाही, पण ते म्हणावं लागतं, नाहीतर व्यवहार पुढे सरकत नाही. तो एकोणीसवर आला. आईने मागून साडेअठरा असं ओरडून पाहिलं. “मावशी, साडेअठरात मला स्वतःलाच गाडी चालवत यावं लागेल,” तो म्हणाला. एकोणीसवर सौदा ठरला. “बिल हवं का? मग पाच टक्के जीएसटी.” नको. “अ‍ॅडव्हान्स टाका.” टाकला. “ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी येईल.”

नंबर रात्री अकराला आला. पहाटे गाडी आली. ठरली होती पांढरी, आली राखाडी.

“आपली ती गाडी आहे ना?” मी फोन करून विचारलं.

“तीच हो, साहेब. फक्त दुसरी.”

बाबा पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा मीटर वाचला. आमच्या दारात येईपर्यंत छत्तीस किलोमीटर झालेले होते, कारण गाडी चाकणला लागते आणि आम्ही कोथरूडला राहतो. ‘गॅरेज टू गॅरेज’ म्हणजे हे. बाबांनी वही काढली, वर तारीख घातली आणि ‘आरंभीची शिल्लक’ असा मथळा दिला.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, दर टोलनाक्यावर फास्टॅग वाजला की बाबा वहीत टीप करत. फोंडा घाटाआधीच्या चढाला ड्रायव्हरने एसी बंद केला. “चढाला इंजिन ओढत नाही, साहेब.” घाटाच्या उतारालाही तो बंदच राहिला. चढाचा थकवा असावा.

खरी गोष्ट मालवणला सुरू झाली. मुलं सिंधुदुर्गच्या होडीत, आम्ही वाळूत, आणि बाबा पार्किंगमध्ये. संध्याकाळी जेवणाच्या पानावर त्यांनी ताळेबंद वाचला. आज गाडी चालली चौदा किलोमीटर. वाया गेले दोनशे शहाऐंशी. “एकोणीसने गुणा,” ते म्हणाले. कोणी गुणलं नाही, म्हणून त्यांनीच गुणलं. “पाच हजार चारशे चौतीस रुपये. पाण्यात.”

“पाण्यात आपण होतो, बाबा,” ताई म्हणाली. पण सुरमई कोणालाच नीट गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचा फिरण्याचा कार्यक्रम बदलला. पैसे भरलेत तर किलोमीटर वसूल करायचे. कुणकेश्वर झालं, देवगड झालं. आंबा नव्हता, तरी देवगड झालं. त्याच्या पुढच्या दिवशी वेंगुर्ला आणि तिथून सावंतवाडीची लाकडी खेळणी, ज्यांच्याशी खेळण्याचं वय आमच्या घरात कोणाचंच उरलेलं नाही. “विजयदुर्ग राहिलं,” बाबा म्हणाले. ड्रायव्हर पहिल्यांदाच आपणहून बोलला : “रस्ता फार लहान आहे, काका.” त्याचंही बरोबर होतं. गाडी उभी राहिली तरी त्याचा भत्ता चालू आणि मालकाचं डिझेल वाचणार. आमच्या भाड्याच्या दिवसांत जिला फिरायची इच्छा होती, अशी त्या गाडीशी संबंधित व्यक्ती एकच होती, आणि ती वही घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. समुद्र आम्ही त्यानंतर मुख्यतः खिडकीतून पाहिला.

एवढं करूनही परत निघताना शिल्लक उरलीच. तरी बाबांना एक समाधान होतं. दिवस मोजतात तारखेने, रात्री बारा ते बारा. बाराच्या आत घरी पोहोचलो की जादा दिवस लागणार नाही. त्यामुळे कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा उभ्या-उभ्या प्यायलो, साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला आईला मोजून पाच मिनिटं मिळाली आणि मुलांना शेवटचं पाणी किणीला दिलं. अकरा पस्तीसला गाडी आमच्या दारात उभी होती. बाबा विजयी मुद्रेने उतरले. त्यांनी ड्युटी स्लिपवर वेळ घातली, रीडिंग घातलं, सही केली आणि खाली दोन रेघा मारल्या.

ड्रायव्हर दोऱ्या सोडत शांतपणे म्हणाला, “पण गाडी चाकणला पोहोचेपर्यंत साडेबारा होतील ना, काका.”

सकाळी ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला. त्याने खरंच एक दिवस जादा धरला होता. मी भांडलो, तो हसला, मी आवाज चढवला, त्याने ‘भत्ता सोडला, तुमच्यासाठी म्हणून’ असं सांगितलं. शेवटी बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

“म्हणजे आजच्या तारखेचे तीनशे किलोमीटर आमचे आहेत. बरोबर?”

“हो, काका. नियमच आहे तसा.”

“त्यातले छत्तीस रात्री चाकणला गेले. राहिले दोनशे चौसष्ट. मग गाडी पाठवा. जेजुरीला जाऊन येतो.”

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“टोल-पार्किंग एक्स्ट्रा पडेल, काका,” तो म्हणाला.