कुर्ता माझा, टाके माझे, मतं भुसावळची

पुरुषाने हातात सुई धरायला आपल्याकडे तीनच कारणं चालतात. एक तर तो शिंपी असावा. नाहीतर डॉक्टर असावा. नाहीतर शर्टाचं बटण तुटलेलं असावं आणि बायको माहेरी गेलेली असावी. यातल्या एकाही कलमात न बसता मी ऐन मे महिन्यात, भुसावळात, घराच्या ओट्यावर, गल्लीदेखत भरतकाम करत बसलो. रेल्वेच्या हापिसात जन्म गेलेला माणूस निवृत्तीनंतर फार तर शब्दकोडं सोडवतो. त्यामुळे गल्लीने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग, आवाज खाली आणून, आमच्या मंडळींच्या.

कारण साधं होतं. फैजपूरला मेहुणीच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीला सगळ्या काका-मामांनी पांढरे कुर्ते घालायचे, आणि तेही 'वर्क'वाले, असा तरुण मंडळींचा हुकूम सुटला. दुकानात साधा कुर्ता सहाशेला होता. गळ्याशी चार फुलं असलेला तोच कुर्ता दोन हजाराला. म्हणजे एका फुलाचे साडेतीनशे. मी आयुष्यभर लोकांची टीए, म्हणजे प्रवासभत्त्याची, बिलं तपासली आहेत. असलं बिल मला पास करता येईना. बरं, फुलं उलटून पाहिली तर मागे तो कागदासारखा पांढरा तुकडा चिकटलेला. सगळं मशीनचं काम. मी सहाशेचा साधा कुर्ता बांधून घेतला आणि म्हटलं, फुलं आमची आम्ही काढू.

येतं मला. आईला मुलगी नव्हती, त्यामुळे दुपारी सुईत दोरा ओवायची ड्यूटी माझ्याकडे असायची. ओवता ओवता टाके आले. त्या काळी घरोघर उशांच्या अभ्र्यांवर 'स्वीट ड्रीम्स' भरायची साथ होती. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ती शेजारणीच्या अभ्र्यावरून पोपटाचं चित्र उतरवावं तशी अक्षरं उतरवायची. आमच्या अभ्र्यांवरचा शेवटचा 'एस' उलटा होता. मी शाळेत इंग्रजी शिकल्यावर तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "झोपल्यावर कोण वाचतं?"

दोरे आणायला बाजारात गेलो.

"काय भाऊ, वहिनींनी नंबर लिहून दिला का?" दुकानदाराने विचारलं.

"मलाच पाहिजेत," म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पंखा एक नंबरने वाढवला आणि शेडकार्ड पुढे सरकवलं. एकट्या हिरव्याच्याच इतक्या छटा, की कपाशीच्या पानाचा हिरवा कुठला आणि केळीच्या पानाचा कुठला, हे दारात पिशव्या धरून उभ्या असलेल्या दोन बायकांनी ठरवलं. मला कोणी विचारलंही नाही. सुयांचं शास्त्र तर चपलेच्या नंबराच्या अगदी उलटं. नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. दहा नंबरची सुई मागितली, तर तिचं नाक बघायला मला चष्मा काढून, पुन्हा घालून, शेवटी दुकानदाराच्या पोराला हाक मारावी लागली. मुकाट्याने सात नंबरवर आलो.

आता नक्षी. कोयरी काढायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. साडीवर कोयरी, ब्लाउजवर कोयरी, मेंदीत कोयरी, पत्रिकेवर कोयरी. खानदेशात काळ्या जमिनीत कपाशी पिकते आणि त्याच कपाशीचा कुर्ता आपण घालतो, मग गळ्याशी बोंडाची वेल का नको? कल्पना मला स्वतःलाच इतकी आवडली की मी ती साडूंना फोनवर सांगितली. साडू म्हणजे नवरीचे वडील. दहा एकर केळी. तिकडून थोडा वेळ नुसता मोटारीचा आवाज आला.

"नाना, केळीवाल्याच्या घरचं लग्न, अन् तुम्ही कपाशी घालून येता?"

हे वाक्य त्यांनी लग्न होईपर्यंत भेटेल त्याला ऐकवलं.

वेल कापडावर उतरवायला खाका लागतो. गल्लीतल्या एक मावशी पूर्वी शिवणवर्ग चालवायच्या. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत खाके असतात. त्यात बोंड अर्थातच नव्हतं, म्हणून मी ट्रेसिंग पेपरवर स्वतः काढलं आणि रेषेरेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडली. मग रॉकेलमध्ये नीळ कालवायची, बोळा बुडवून कागदावरून फिरवायचा. भोकांतून निळे ठिपके कापडावर उतरतात, रॉकेल उडून जातं आणि नीळ पहिल्या धुण्यात निघते. सगळं सोपं आहे, फक्त आता रॉकेल कुठून आणायचं ते सांगा. घरोघर गॅस आले आणि रेशनचं रॉकेल गेलं. शेवटी मावशींनीच माळ्यावरून एक बाटली काढली. किती वर्षं जपलेली कोण जाणे. त्यातलं दोन बुचं रॉकेल मला औषध मोजावं तसं मोजून दिलं. ते दोन बुचं आमच्या घरात दोन दिवस घमघमत होतं. मंडळी शाळेतून आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज देवाजवळ दिवा मीच लावते. तुम्ही लांब बसा."

इथून खरे हाल सुरू झाले. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जाऊन बसतो. हात कोरडा राहत नाही आणि घामट हाताने पांढऱ्या कापडाला शिवायची सोय नाही. मावशींनी हाताला पावडर लावायला सांगितली. कूलर लावावा तर दोरा उडतो, बंद करावा तर माणूस उकडून निघतो. मी कूलरकडे पाठ करून बसलो. मग दोरा पुढच्या दिशेने उडू लागला, इतकाच फरक.

दोऱ्याची लडी आठ मीटरची आणि सहा पदरांची. भरायला त्यातले दोनच पदर घ्यायचे. हे दोन आणि ते चार असे दोन्ही हातांनी ओढून वेगळे केले की मधे असा गुंता होतो की दोघांचाही संसार संपतो. पदर एकेक करून सरळ वर ओढायचा. ओढताना खालचे पाच गोळा होतात, वाटतं गेलं सगळं. पण तो एक पूर्ण बाहेर आला की बाकीचे पाच आपोआप सरळ लोंबतात. ही एक गोष्ट मात्र दिवसभर करत बसावी इतकी छान आहे. मी एकदा गरज नसताना अख्खी लडी सुटी केली. मंडळींनी पाहिलं आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उचलून आतल्या खोलीत गेल्या.

देठाला दोरी टाका, पानाच्या शिरेला गहू टाका, बोंडाच्या पाकळ्यांना साखळी. इथवर ठीक. उमललेल्या कापसाला मात्र गाठीचा टाकाच हवा. सुई वर काढायची, तिच्याभोवती दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, डाव्या हाताने दोरा ताणून धरायचा आणि निघालेल्या भोकाच्या अगदी शेजारी सुई परत खाली घालायची. शेजारीच, त्याच भोकात नाही. त्याच भोकात गेली की गाठ कापडाखाली पसार. ताण कमी पडला तर वर लोंबती कडी राहते आणि जास्त झाला तर सुई वेढ्यांत अडकून बसते. एका बोंडाला असल्या पंचवीस-तीस गाठी आणि वेलीवर बोंडं किती ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. त्यात कापूस पांढरा आणि कुर्ताही पांढरा. लखनौचे चिकनकारीवाले पांढऱ्यावर पांढरं काढतात तेव्हा जग माना डोलावतं. भुसावळात मी काढलं तेव्हा पेपरवाला म्हणाला, "नाना, इथे भरायचं राहिलं."

ओट्यावर बसून केलेलं काम हे सार्वजनिक काम असतं, ही गोष्ट रेल्वेत राहून तरी माझ्या लक्षात यायला हवी होती, पण ओट्याशिवाय उजेड कुठे? येणारा-जाणारा थांबायचा. एकाला ती लाही वाटली. एकाला मोगरा. एक आजीबाई भरिताची वांगी म्हणाल्या. वांगी पांढरी कशी, असं विचारलं तर म्हणाल्या, "अजून भाजली नाहीत ना!" बोदवडकडचा चुलतभाऊ आला. तो कपाशीवाला, त्याच्याकडून तरी कौतुकाची आशा होती. त्याने कुर्ता उन्हात धरला, बोटाने एकेक बोंड दाबून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "हे बोंड असं अर्धवट नाही उमलत, भो. गुलाबी अळी आहे याच्यात. फवारणी केली नाही का?"

बायकांची परीक्षा वेगळी. त्या सुलट बाजू बघतच नाहीत. कुर्ता हातात आला की पहिला उलटा. समोर वेल आहे, फूल आहे, माणसाचा घाम आहे, काही नाही. थेट मागे. माझ्या कुर्त्याची मागची बाजू म्हणजे भुसावळ जंक्शनचं यार्ड. कुठला दोरा कुठल्या लाइनवरून कुठे गेला ते कंट्रोल रूमलाही सांगता आलं नसतं. मावशींनी बराच वेळ ते यार्ड पाहिलं. मग म्हणाल्या, "धारवाडकडे कसुती करतात ना, तिला गाठ मारतच नाहीत. दोन्हीकडून सारखी दिसते." एवढंच. पुढे काही बोलल्या नाहीत, पण तो कुर्ता मी त्यांच्यासमोर परत उलटू दिला नाही. शिवाय माझं म्हणणं असं की मागची बाजू माझ्या छातीला लागणार. तिची तक्रार असेल तर ती बघून घेईल.

फिरायला जाणाऱ्या मित्रांनी थट्टा केली, ती करणारच होते. त्यांना मी एकच विचारलं. तुमचा शिंपी बाप्या आहे की नाही? लग्नाच्या शेरवानीवर जरदोजी भरणारे कारागीर बहुतेक पुरुषच आहेत की नाही? म्हणजे पैसे घेऊन केलं की कारागिरी आणि घरी फुकट केलं की बायकी काम! यावर त्यातला एक बराच वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला आणि शर्टाच्या खिशावरचा शाईचा डाग दाखवून हळूच म्हणाला, "याच्यावर एखादं पान बसेल का?"

तर हळदीच्या आदल्या रात्री कुर्ता तयार झाला. गार पाण्यात बुडवून नीळ काढली, सावलीत वाळवला. मग खाली जाड टॉवेल पसरून उलट्या बाजूने इस्त्री केली, कारण सुलट इस्त्री फिरवली की सगळ्या गाठी चपट्या. मंडळींनी पहिल्यांदाच तो हातात घेतला. आता काहीतरी बोलतील म्हणून मी उभा राहिलो. "गळ्यात सुई राहिली नाही ना, बघा," म्हणाल्या.

हळदीला पांढरे कुर्ते घालायला सांगणारी ही जी पिढी आहे, तिचा हेतू मला मांडवात कळला. पांढऱ्यावर हळद फोटोत चांगली दिसते म्हणे. मुलं वाट्या भरभरून धावत होती. मी दोन्ही हात छातीशी जोडून खांबाला टेकलो. बघणाऱ्याला वाटलं, नानांना मुलीच्या पाठवणीचं आत्तापासून भरून आलंय. जेवताना वरण-बट्टीचं वरण आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी मी कुर्त्यावर टॉवेल बांधून खाल्ली. बट्टी चुरायला वाकलो एवढाच काय तो क्षण, आणि मागून पाठीवर थाप पडली. साडू! प्रेमाने आणि पाचही बोटांनी.

वेल वाचली होती. पाठीवर मात्र अख्खा पंजा. मेहुणी धावत आली आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिने साबण घासला. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते. मांडवातली दोन पोरं रक्त रक्त म्हणून ओरडली. भरपूर पाण्याने धुतल्यावर पंजा पुन्हा पिवळा झाला, पण गेला नाही. घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, उन्हात टाका, हळद उन्हाने उडते. हे खरं आहे. पण भुसावळचं ऊन हळदीचा रंग ओळखून तेवढाच नेत नाही. दोन दिवसांत माझी हिरवी पानं पिकायला लागली, म्हणून कुर्ता आत घेतला.

मग मावशींनीच तोड सांगितली. डाग झाकायलाच तर भरतकाम असतं, जो डाग आहे तोच काढा. मी पंजाच्या कडेने दोरी टाका घातला, बोटांना पिवळा दोरा भरला, मनगटाशी थोडा तपकिरी, टोकांना बारीक काळा ठिपका. पाठीवर झकास केळीची फणी तयार झाली. अभिमानाने फोटो काढून साडूंना पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"नाना, काम नंबर एक. पण फणीत पाचच केळी? आमच्याकडे असा माल निघाला तर व्यापारी ट्रक परत नेईल, भो."

"मग धाकटीच्या हळदीला दोन्ही हात लावा," म्हटलं. "दहा तरी होतील."