बहाव्याखाली बसून पगार वाढत नाही, हे खरंच

नमस्कार दादा,

'निसर्गात आनंद शोधा, हे भरल्या पोटाचं तत्त्वज्ञान. हिंगण्याच्या एमआयडीसीत 12 तास उभं राहून घरी येणाऱ्याला झाड दाखवून काय होणार?' ही तुमची प्रतिक्रिया चार दिवस मनात घोळतेय. मागच्या लेखात मी 'हे कुणालाही जमतं' असं लिहिलं होतं. ते चुकलं. ते वाक्य मी मागे घेतो.

'भरल्या पोटाचं' हे मात्र पटत नाही. मी बहाव्याखाली पहिल्यांदा बसलो तो पोटाच्याच चिंतेत. 11 वर्षांची नोकरी गेली होती. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता. घरात कूलरसमोर बसलं की बायको काहीतरी विचारेल याची धास्ती. म्हणून पहाटेच स्कूटर काढून नागपुरातल्या सेमिनरी हिल्सकडे जायचो. उठायचो तेव्हा सीटवर पिवळ्या पाकळ्या साचलेल्या असायच्या.

एका सकाळी एका काळ्या भुंग्याकडे लक्ष गेलं. उडताना त्याचा आवाज घोगरा. फुलाला पाय रोवून लटकला की तोच आवाज एकदम बारीक, ताणलेला. तेव्हा पंख फडफडत नाहीत. छातीचे स्नायू तेवढे थरथरतात आणि त्या थरथरीनं पराग झडतात. तो सुटला की पुन्हा घोगरा. बराच वेळ मी तेच ऐकत राहिलो आणि डोक्यात दिवसरात्र चाललेलं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. तेव्हा कळलं, दोन महिने निघतील एवढे पैसे घरात होते. सलत होतं ते वेगळंच: आता मला 'साहेब' म्हणणारं कुणी नव्हतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावरच रागावलात." पुढे मी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवू लागलो. आधी मला त्यात कमीपणा वाटला असता. आज तेच माझं काम आहे.

फिरायला वेळ कुणाला, हाही तुमचा प्रश्न. रॉजर उलरिच यांचा 1984 सालचा एक अभ्यास आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. वेदनाशामकंही त्यांना कमी तीव्र पुरली. रुग्ण अवघे 46, त्यामुळे त्यावर मी मोठा दावा करणार नाही. पण ही माणसं फिरायला गेली नव्हती, खाटेवर पडून होती.

12 तास उभं राहणाऱ्याला आधी 8 तासांची पाळी हवी, यात मी तुमच्या बाजूचा आहे. सिव्हिल लाइन्ससारखी सावली प्रत्येक वस्तीत हवी, यातही.

आणि तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, की कंपनीच्या गेटाशी एक कडुलिंब आहे आणि तुम्ही सगळे त्याच्याखालीच डबा खाता, आत पंखे असूनही. आत का नाही बसत, दादा? त्याबद्दल जरा सविस्तर लिहा ना.