फॉरमॅट हा शेवटचा उपाय, पहिला नाही

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की म्युझिक प्लेअरमधली गाणी उडवणं हे दोन मिनिटांचं काम आहे, कॉम्प्युटरला जोडायचं, सगळं सिलेक्ट करून डिलीट मारायचं, जागा मोकळी नाही झाली तर सरळ फॉरमॅट, म्हणजे सगळी मेमरी एकदम पुसून नव्याने मांडायची, आणि मी त्यावर भलंमोठं लिहून साध्या माणसाला उगाच घाबरवलंय. शेवटी असंही लिहिलंत की स्ट्रीमिंगच्या जमान्यात हे प्लेअर आता वापरतंच कोण. स्पष्ट लिहिलंत ते आवडलं, पण फॉरमॅटच्या मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही, आणि का नाही ते दोन ओळीत मावत नाही म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी जे पटलं ते. साधा प्लेअर असेल, म्हणजे ज्याच्यात गाणी फोल्डरप्रमाणेच दिसतात, आर्टिस्ट-अल्बम अशी वेगळी यादी नसते, तर तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो आणि तिथे तुमची पद्धत बरोबर आहे, फाईल उडवली की गाणं गेलं, विषय संपला. फक्त विंडोजमध्ये अशा ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट डिलीट होते, त्यामुळे "चुकून गेलं तर बिनमधून काढू" ही सोय तिथे नसते एवढं धरून चाला.

पण ज्या प्लेअरमध्ये आर्टिस्ट, अल्बम, जॉनर अशा याद्या दिसतात तिथे गोष्ट बदलते. त्या याद्या दरवेळी फाईली वाचून बनत नाहीत, प्लेअर एकदाच सगळ्या गाण्यांचे टॅग (फाईलमध्येच लिहिलेलं गाण्याचं नाव, गायक, अल्बम) वाचतो आणि त्याचा स्वतःचा डेटाबेस, म्हणजे गाण्यांची नोंदवही, करून ठेवतो. तुम्ही कॉम्प्युटरवरून फाईल काढली तरी त्या डेटाबेसला कोणी सांगितलेलं नसतं. भाडेकरू घर सोडून गेला पण दारावरची पाटी तशीच, असा प्रकार. यादीत गाण्याचं नाव दिसतं, प्ले दाबलं की क्षणभर थांबून पुढच्या गाण्यावर उडी मारतो, आणि माणसाला वाटतं प्लेअर खराब झाला. खराब काही झालेलं नसतं, सेटिंगमध्ये डेटाबेस अपडेट किंवा मीडिया स्कॅन असं काहीतरी असतं ते एकदा चालवायचं, बस. रॉकबॉक्स (प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारं फुकट सॉफ्टवेअर) टाकलेला असेल तर तिथे "अपडेट" आणि "इनिशलाइझ" असे दोन वेगळे पर्याय आहेत, त्यातला अपडेट वापरा, कारण इनिशलाइझ केलं की डेटाबेस मुळापासून नवा बनतो आणि कुठलं गाणं किती वेळा ऐकलं, कशाला किती रेटिंग दिलं ही सगळी नोंद पुसली जाते. वर्षानुवर्षं जमलेली ती नोंद काही लोकांना गाण्यांइतकीच प्रिय असते, मला आहे.

ॲपलचा आयपॉड हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. २००१ मध्ये तो आला, २०२२ मध्ये कंपनीने शेवटचं मॉडेलही बंद केलं, पण जुने आयपॉड नवी बॅटरी घालून वापरणारे अजून भरपूर आहेत. त्याच्यात गाणी एका हिडन फोल्डरमध्ये असतात, आत एफ००, एफ०१ अशा नावांचे फोल्डर आणि त्यात चार अक्षरी निरर्थक नावांच्या फाईली. गाण्याचं खरं नाव त्या फाईलच्या नावात नसतंच, कुठली फाईल म्हणजे कुठलं गाणं ते डेटाबेसला माहीत. आता तुम्ही म्हणता तसं त्या फोल्डरमधलं सगळं सिलेक्ट करून डिलीट केलं तर गाणी जातील पण याद्या राहतील. उलट डेटाबेस गेला आणि फाईली राहिल्या तर आयपॉड म्हणणार एकही गाणं नाही, आणि आयट्यून्समध्ये (आयपॉडमध्ये गाणी भरायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) बघाल तर सगळी जागा "अदर" नावाखाली भरलेली. म्हणून आयपॉडवरचं गाणं आयट्यून्समधूनच काढायचं, मॅकवर २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून हे काम फाइंडरकडे, म्हणजे फाईली दाखवणाऱ्या ॲपकडे, आलंय. आणि ऑटोमॅटिक सिंक, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या लायब्ररीशी आयपॉड आपोआप जुळवणं, चालू असेल तर नुसतं यादीतून काढून भागत नाही, लायब्ररीत गाणं आहे आणि सिंकमध्ये टिक आहे तोवर ते परत येणार. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला आयपॉड जोडलात आणि "इरेज अँड सिंक" विचारलं तर मात्र हो म्हणू नका, तुमची सगळी गाणी जाऊन त्याची लायब्ररी येईल.

आता तुमचा दुसरा मुद्दा, की डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही म्हणून फॉरमॅट मारावा लागतो. जागा का मोकळी होत नाही हे बघितल्याशिवाय फॉरमॅट मारणं मला पटत नाही कारण बहुतेक वेळा कारण साधं असतं. मॅकवरून डिलीट केलं असेल तर फाईली प्लेअरवरच डॉट ट्रॅशेस नावाच्या हिडन फोल्डरमध्ये जाऊन बसतात, प्लेअर जोडलेला असताना ट्रॅश रिकामा केला नाही तर जागा अडकलेलीच राहते, मग प्लेअर फुल दाखवतो आणि तुम्हाला फोल्डर रिकामे दिसतात. लिनक्सवरही प्लेअरवर असाच हिडन ट्रॅश फोल्डर बनतो. दुसरं कारण म्हणजे डिलीट चालू असताना किंवा संपल्या संपल्या केबल ओढणं. फाईलच्या नावाची नोंद गेलेली असते पण जागेच्या तक्त्यात ती जागा अजून वापरात म्हणून लिहिलेली राहते, अशी बेवारस जागा विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमने परत मिळते. रिपेअरला सांगितलं की तो फाउंड डॉट ००० अशा धर्तीच्या फोल्डरमध्ये ते तुकडे गोळा करून ठेवतो, ते बघून उडवायचे. तिसरं कारण, काही जुन्या प्लेअरमध्ये यूएसबी जोडणीचे दोन मोड असतात, एमटीपी (प्लेअर मीडिया उपकरण म्हणून दिसतो) आणि एमएससी (पेन ड्राइव्हसारखा दिसतो), सान्सा क्लिप या छोट्या प्लेअरमध्ये होते तसे, आणि एका मोडमध्ये टाकलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये जोडल्यावर दिसत नाहीत. दिसत नाहीत तर डिलीट काय करणार, मोड बदलून जोडा, सगळी समोर येतील. यातल्या कशालाच फॉरमॅट लागत नाही.

आणि जिथे कंपनीने ८ जीबी लिहिलंय तिथे विंडोज साधारण ७.४५ च दाखवणार, ती जागा कोणी खाल्लेली नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यासाठी फॉरमॅट मारणारे लोक खरंच आहेत म्हणून सांगितलं.

फॉरमॅटला माझा एवढा विरोध का, तर त्यात निवड नसते. बऱ्याच प्लेअरमध्ये माइक असतो आणि रेकॉर्डिंग एका वेगळ्याच फोल्डरमध्ये जातात, व्हॉइस किंवा रेकॉर्ड नावाच्या, म्युझिक फोल्डरच्या बाहेर. गाणी परत मिळतील हो, पण कोणाचा तरी आवाज, लेक्चर, रियाज, मुलाचं पहिलं बोलणं हे कुठल्या स्ट्रीमिंगवर मिळणार आहे? जुन्या सीडीवरून काढून प्लेअरमध्ये टाकलेली गाणीही तशीच, मधल्या काळात कॉम्प्युटर दोनदा बदलला, हार्ड डिस्क गेली, आणि प्लेअरमधली कॉपी ही एकमेव कॉपी झाली हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. म्हणून मी लिहिलं होतं की डिलीट करायच्या आधी अख्खा प्लेअर, हिडन फाईलींसकट, एका फोल्डरमध्ये कॉपी करा. तुम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटला. मला तो या सगळ्या कामातला एकमेव न टाळण्यासारखा भाग वाटतो.

शिवाय फॉरमॅट करताना फाईल सिस्टीम (मेमरीत फाईली मांडायची पद्धत, फॅट३२, एनटीएफएस वगैरे) कुठली निवडता याला महत्त्व आहे. बरेच छोटे प्लेअर फक्त फॅट३२ ओळखतात, विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत चुकून एनटीएफएस राहिलं तर गाणी कॉपी होतील, कॉम्प्युटरवर दिसतीलही, आणि प्लेअर म्हणेल मेमरी रिकामी. करायचंच असेल तर प्लेअरच्या स्वतःच्या सेटिंगमधून फॉरमॅट करा, त्याला काय हवं ते त्याला माहीत असतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलीत ती इतरांसाठी धोक्याची आहे, "डिलीट झालं म्हणजे संपलं, परत येत नाही". तसं नाही. फॅट३२ मध्ये फाईल डिलीट होते तेव्हा तिच्या ३२ बाइटच्या नोंदीतला पहिला बाइट बदलून तिथे ई५ हा हेक्साडेसिमल आकडा येतो आणि तिची जागा मोकळी म्हणून लिहिली जाते, गाण्याचा डेटा जागच्या जागी असतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो काढता येण्याची शक्यता असते. म्हणून नको ते उडालं असेल तर पहिलं काम म्हणजे प्लेअरवर नवीन काहीही टाकू नका, तो चालूही ठेवू नका, आणि फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने शोधा, नाव फोटोचं असलं तरी एमपीथ्रीही काढतं. फाईलींची मूळ नावं परत येत नाहीत, पण टॅग शाबूत असतील तर गाणी ओळखू येतात. क्विक फॉरमॅटनंतरही पुष्कळदा हे जमतं, कारण त्यात फक्त नोंदी पुसतात, फुल फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्य लिहितो, त्यानंतर कोणी काही करू शकत नाही. "सरळ फॉरमॅट" असं वाचून क्विकची टिक काढणारा एखादा वाचक असतोच, मला त्याची काळजी आहे.

प्लेअर वापरतंच कोण, याचं उत्तर माझ्या इनबॉक्समध्ये आहे. ज्यांना पळताना, प्रवासात, झोपताना फोन जवळ नको असतो ते वापरतात, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी राहणारे वापरतात, आणि स्ट्रीमिंगवर नसलेली गाणी ज्यांच्याकडे आहेत ते वापरतात. यातल्या कोणालाही जागेची अडचण येतेच. १२८ केबीपीएसचं (केबीपीएस म्हणजे गाण्याच्या दर सेकंदाला लागणारा डेटा) गाणं मिनिटाला साधारण १ एमबी घेतं, ३२० चं साधारण २.४, फ्लॅकचं (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाईल प्रकार) सहज ५-६, म्हणून काय उडवायचं हे ठरवताना आधी फाईली साइजप्रमाणे लावून बघा, एकेक छोटं गाणं काढत बसण्यापेक्षा दोन फ्लॅक अल्बम काढून त्यांच्या जागी त्यांच्या एमपीथ्री कॉपी टाकल्या तर बरीच जागा मिळते आणि गाणी सगळी राहतात.

तुमच्या प्लेअरची जागा दरवेळी अडकते असं लिहिलंयत. त्याचं मॉडेल, तुम्ही मॅक वापरता की विंडोज, आणि केबल काढायच्या आधी इजेक्ट करता का (म्हणजे कॉम्प्युटरला सांगून प्लेअर सुटा करता का), एवढं खाली कळवा. हिडन फाईली दाखवा हे सेटिंग चालू करून प्लेअर उघडलात की काय काय दिसतं तेही लिहा, त्यावरून नेमकं कुठे अडकतंय ते सांगते. तोवर फॉरमॅट नका करू, प्लीज.