आजी आडवी उतरते, बरोबरच उतरते

आमची आजी जिना आडवी उतरते म्हणून घरातली पोरं तिला खेकडा म्हणतात. मीही हसायचो. मागच्या उन्हाळ्यात छतावरून मुंगवड्यांनी भरलेलं सूप घेऊन खाली येताना माझाच पाय सटकला. चार पायऱ्या पाठीवर आलो, मुंगवड्या अंगणभर. आजीचा पहिला प्रश्न : "काहून रे बाबू, सीधा उतरत होता ना?"

कंबर जरा बरी झाल्यावर टेप घेऊन बसलो. पायरी रुंदीला 8 इंच, उंचीला 9. माझं पाऊल साडेदहा इंच! सरळ ठेवलं की अडीच इंच हवेतच. राष्ट्रीय इमारत संहितेत घरासाठी पायरी किमान 25 सेंटिमीटर रुंद, जास्तीत जास्त 19 उंच सांगितली आहे. आमची 20 आणि 23. मिस्त्रीला विचारलं तर म्हणे, "जागा कोठून आणू भाऊ? हॉल मोठा पाह्यजे म्हणून तुमीच त सांगतलं." ते बी खरंच. हॉल मोठा, पोर्च मोठा, जिना उरल्यासुरल्या कोपऱ्यात.

सपाटीवर चालताना आपली टाच आधी टेकते. उतरताना बहुतेकदा पंजा आधी टेकतो, टाच मागून. आता त्या पंज्यालाच जागा नसेल तर माणूस घसरणारच. आजी पाऊल आडवं टाकते, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत सगळं पायरीवर. एका हातानं लुगडं वर धरलेलं, दुसरा भिंतीला. खाली पाहतच नाही. पावलाची कड वरच्या पायरीच्या उभ्या अंगाला घासत खाली येते, खस्स... खस्स. पायरी लागली की मगच अंगाचा भार.

दुखरा डावा पाय ती आधी खाली टाकते. मला वाटायचं, उलटं करते. पण उतरताना सगळा भार वर राहिलेल्या, वाकणाऱ्या गुडघ्यावर असतो. तो चांगलाच हवा. चढताना चांगला पाय आधी. फिजिओथेरपीवाले हेच शिकवतात. रामटेकच्या गडावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या पाहा, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येतात.

आमच्या जिन्याची शेवटची पायरी तर वेगळीच भानगड. नंतर अंगणात फरशी बसवली, अंगण चार इंच वर आलं, पायरी उरली पाच इंचाची. वरून येणाऱ्या पायाला नऊची सवय लागलेली, मग खालची फरशी आधीच लागते न् मणक्यापर्यंत धक्का. प्रत्येक पाहुणा तिथं अडखळतो, वर "माझंच लक्ष नव्हतं" म्हणून माफी मागतो!

लहान भावाच्या घराचा पाया खणणं सुरू आहे. नकाशात जिना परत कोपऱ्यातच. म्हणतो, जिना रुंद केला तर हॉल लहान होईल. होऊ दे म्हटलं. उद्या टेप घेऊन जातो, आजीलाही नेतो.